कोळशाच्या एका टनाचा हिशेब



गेल्या अंकात आपण चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कोलाम पोडांसाठी मदतीचे आवाहन केले होते. तो अंक हाती पडल्यावरच्या रविवारी, उपासना आटोपून लोक चहाला थांबले असताना, आमच्या कॉटन ग्रीनच्या मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "ताई, रागावू नका, पण चंद्रपूर म्हणजे कोळशाची खाण. तिथे वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. एवढी भरभराट असलेल्या जिल्ह्याला आपल्या चार पैशांची गरज कशाला?" हे गृहस्थ आपल्या पेन्शनमधून दर महिन्याला न चुकता देणगी देतात, त्यामुळे त्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे. असाच प्रश्न दोन वाचकांनी पत्रातूनही विचारला. म्हणून या वेळी हा लेख.

पहिल्यांदा जे खरे आहे ते मान्य करू. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा काढायला इंग्रजांच्या काळातच सुरुवात झाली. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकातली, आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वे नेली ती दोन गोष्टींसाठी, वरोऱ्याचा कोळसा आणि हिंगणघाटचा कापूस. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने म्हणजे वेकोलिने घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, वणी, दुर्गापूर या पट्ट्यात खाणी वाढवत नेल्या. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांपेक्षा वर आहे. खाणीत कायम नोकरीला लागलेल्या माणसाचा पगार चांगला असतो. त्याला क्वार्टर मिळते, दवाखाना मिळतो, मुले इंजिनिअरिंगला जातात. घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये खाणकामगारांची कितीतरी कुटुंबे आहेत, त्यांत तेलुगू भाषक पुष्कळ. तिथल्या काही चर्चच्या भिंती या पगारांच्या दशमांशातून उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा कोळशाने कोणाचेच भले झाले नाही असे मी म्हणूच शकत नाही.

पण सरासरी हा फसवा आकडा असतो. खाण अधिकाऱ्याचे उत्पन्न आणि पोडातल्या मजुराचे उत्पन्न एकत्र करून दोनने भागले, तर कागदावर दोघेही बरे चाललेले दिसतात. म्हणून सरासरी बाजूला ठेवू आणि एक टन कोळसा जमिनीबाहेर आला की कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय जाते, ते पाहू.

समजा, एका टनाची किंमत २,००० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. कोळशावर किमतीच्या १४ टक्के रॉयल्टी असते, म्हणजे २८० रुपये. ती राज्य सरकारकडे जाते. २०१५ च्या कायद्याप्रमाणे खाण असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' नावाचा निधी असतो. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांना त्यात रॉयल्टीच्या ३० टक्के भरावे लागतात आणि लिलावात दिलेल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के. आपल्या उदाहरणात जुन्या खाणीचे ८४ रुपये आणि नव्या खाणीचे २८ रुपये. खाणीमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी कायद्याने राखून ठेवलेला पैसा एवढाच. पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांना त्यातला मोठा वाटा द्यावा असा नियम आहे. निधी मोठा आहे आणि त्यातून चांगली कामेही झाली आहेत. मात्र निधी जिल्ह्याच्या ठिकाणी जमतो आणि कामे सुचवायची असतात ती लेखी. जीप वर्षातून दोनदा येते अशा पोडातून प्रस्ताव कोण लिहिणार?

आणखी एक कर होता, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. कोळशाने जे बिघडते ते सुधारायला आणि सूर्य-वाऱ्याच्या ऊर्जेला पैसा मिळावा, हा त्यामागचा विचार. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांची महसुलाची तूट भरून देण्याकडे वळवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर रद्द करून कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. इतक्या वर्षांत धूळ ज्यांच्या ताटात पडते त्यांच्या नावाने यातला रुपयाही वेगळा निघाला नाही.

आता खर्चाची बाजू. चंद्रपूरच्या जुन्या खाणी भुयारी होत्या, आताचा बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो. वरची शेतमाती, मुरूम, खडक सगळे सुरुंग लावून फोडायचे आणि बाजूला टाकायचे. इकडच्या खाणींत एक टन कोळशासाठी साधारण चार ते पाच घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. त्याचे डोंगर होतात. वणी किंवा घुग्घुसच्या रस्त्याने गेलात तर सपाट मुलखात अचानक सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतील. त्या देवाने केलेल्या नाहीत. पावसात ही माती वाहून नाल्यात आणि नदीत जाते, पात्र उथळ होते आणि पुराचे पाणी पूर्वी जिथे येत नव्हते तिथे येते. वर्धा आणि इरई या नद्यांच्या काठचे लोक हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. या ढिगाऱ्यांवर काही वर्षांत काटेरी झुडपांचे रान माजते आणि त्यात बिबटे, वाघ येऊन राहतात. ताडोबा जवळच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या ऊर्जानगर-दुर्गापूर भागात त्यांच्या हल्ल्यात माणसे गेली.

पाण्याचे तसेच. खड्डा खोल गेला की आजूबाजूचे भूजल त्यात झिरपते आणि काम चालू राहावे म्हणून ते पंपाने बाहेर फेकावे लागते. खाण खाली जाते तशी शेजारच्या गावची विहीरही खाली जाते. वर्धा नदीकाठच्या एका गावात एका आजीने मला विहिरीच्या कठड्यावर दोरीने पडलेल्या खाचा दाखवल्या. जुन्या खाचा उथळ होत्या. "आता दोर किती लागतो ते विचारू नको बाई, टँकरच येतो," ती म्हणाली. वीज केंद्रालाही पाणी लागते. ते इरई धरणातून येते आणि २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्यामुळे तिथले बरेच संच बंद ठेवावे लागले होते. केंद्राचे संच बंद पडले की मंत्रालयात बैठक होते, गावची विहीर आटते तेव्हा टँकरचा अर्ज करावा लागतो.

धुळीबद्दल सांगताना कॉटन ग्रीनची आठवण होणे साहजिक आहे. आपल्या स्टेशनच्या पूर्वेला कापूस बाजाराची जुनी इमारत आहे. १९२१ साली स्थापन झालेल्या कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचे कार्यालय तिथे आहे आणि विदर्भाचा कापूस या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. आपल्या मंडळीतल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे की कापसाची प्रत ठरते ती धाग्याची लांबी, कचरा आणि रंग यांवरून. पांढऱ्याशुभ्र कापसाला एक भाव आणि मळकट कापसाला दुसरा. कोळशाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून दिवसरात्र धावतात त्या रस्त्यांलगतच्या शेतात बोंड उमलते तेच काळे पडून. वणी, राजुरा, घुग्घुस भागातले शेतकरी दर हंगामात ही तक्रार करतात. झाड उभे आहे, बोंडेही लागली आहेत, त्यामुळे पंचनाम्यात हे नुकसान धड बसत नाही. नुकसान होते ते भावात, बाजारात वजनकाट्यापुढे उभे राहिल्यावर. वेचणीच्या मजुरीवर जगणाऱ्या कोलाम आणि गोंड बायकांची मजुरीही त्या भावाबरोबर खाली येते.

हवेचे मोजमाप झालेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होते. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या खालोखाल. त्यानंतर काही काळ तिथे नव्या उद्योगांना मनाईही होती.

खाण बंद झाली म्हणजे खर्च संपला असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भुयारी खाणीची पोकळी होती. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर धावली म्हणून वाचली. शेजारच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या खाणीचा कोळसा कधीच जळून गेला होता, त्याचे पगार आणि रॉयल्टी खर्चून झाली होती. या घराची किंमत त्या टनाच्या भावात कोणी धरली नव्हती.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, कारण धूळ आणि पाणी सगळ्यांचेच बिघडते, पण आदिवासीचे जास्त नुकसान का होते हे समजल्याशिवाय आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.

खाणीसाठी जमीन बहुधा १९५७ च्या कोळसाक्षेत्र अधिग्रहण कायद्याने घेतली जाते. आधी शोधकामाची अधिसूचना निघते, मग जमीन घेण्याच्या इराद्याची. ती भारताच्या राजपत्रात छापून येते आणि तेव्हापासून हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. पुढची घोषणा झाली की जमीन सरकारची आणि मग कंपनीची. मालकाची संमती या कायद्यात लागत नाही. ३० दिवसांत राजपत्र वाचणे, आपला गट नंबर त्यात आहे का ते शोधणे आणि लेखी हरकत पाठवणे, हे तुमच्या-माझ्यासारख्यालाही जड जाईल. पोडातल्या माणसाला कळते ते मोजणीची माणसे शेतात चुना टाकायला येतात तेव्हा.

मोबदल्याचे नियम २०१५ पासून सुधारले आहेत, हे खरे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदला आणि पुनर्वसनाचे नियम आता या कायद्यालाही लागू होतात. पण लोकांना खरी आस असते नोकरीची. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणाचा ढोबळ नियम आहे दोन एकरांमागे एक नोकरी. दोन एकरांपेक्षा कमी जमीन असलेले काही जण आपले तुकडे एकत्र करून एकाचे नाव देऊ शकतात, नाहीतर पैसे घ्यायचे. आता हा नियम एखाद्या गावाला लावून पाहा. वीस एकरवाल्या शेतकऱ्याच्या घरात मुलगा, पुतण्या, नातू, सगळे खाणीत लागतात. दीड एकरवाल्याला रोख रक्कम मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो वनजमिनीचा तुकडा बापजाद्यांपासून कसतो, त्याचे नाव यादीत अतिक्रमणदार म्हणून येते किंवा येतच नाही. आणि जी बाई मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक गोळा करून वर्षातले चार महिने घर चालवते, तिने काय गमावले हे लिहायला अर्जात रकानाच नाही.

चंद्रपूर-यवतमाळचे कोलाम बहुतेक या शेवटच्या दोन ओळींत बसतात. महाराष्ट्रात केंद्राने अतिअसुरक्षित मानलेल्या तीन आदिम जमाती आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यामुळे खाण आली की गावातल्या श्रीमंतीचे पारडे आधी जिकडे झुकलेले होते तिकडेच आणखी झुकते. जमीन गेल्यावर त्या जमिनीवरची मजुरीही जाते आणि मग हाच माणूस खाणीतल्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागतो. मातीचे ढिगारे उपसण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर ठेक्यावर चालते. तिथे क्वार्टर नाही, कायमपण नाही.

पैसे हातात पडलेल्यांचेही नेहमी बरे होत नाही. नाबोथाची गोष्ट आपल्याला रविवार शाळेपासून माहीत आहे (१ राजे २१). मी थिऑलॉजीचा डिप्लोमा करत असताना आम्ही या अध्यायाकडे अहाब आणि ईजबेल यांच्या पापाची कथा म्हणून पाहत असू. पोडात गेल्यावर मला त्यातला सौदा दिसला. राजाने पहिल्यांदा काही जबरदस्ती केली नव्हती. त्याने याहून चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत. आजच्या भाषेत पॅकेज चांगले होते. नाबोथाने नाकारले कारण ती वाडवडिलांची वतनभूमी होती, विकायची वस्तूच नव्हती. कोलाम माणूसही असेच बोलतो. त्याचे देवस्थान, त्याचे पुरलेले आईबाप त्या जमिनीत आहेत. नाबोथाला निदान नाही म्हणता आले, १९५७ च्या कायद्यात तेवढीही सोय नाही.

यात आपण मुंबईकर कुठे येतो? चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत, म्हणजे पार कल्याण-भिवंडीच्या बाजूला, ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची डीसी वाहिनी आहे. १९९९ पासून ती चालू आहे आणि १,५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. अशी वाहिनी दोन टोकांनाच उघडते, मधल्या कुठल्याही गावाला तिच्यातून वीज घेता येत नाही. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटला सुमारे पाऊण किलोपर्यंत कोळसा लागतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली तर १४० किलोच्या आसपास कोळसा आणि, आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असल्यामुळे, अर्धे पोते राख. आपल्या बेटावर बेस्टची वीज मुख्यतः टाटांकडून येते. तिच्यात ट्रॉम्बेचा कोळसाही आहे आणि धरणांचे पाणीही, म्हणून हा आकडा फक्त अंदाजासाठी.

मुंबईने कोळशाचा काळेपणा आपल्या दारातून हळूहळू दूर केला आहे. गिरणगावच्या गिरण्या वाफेवर चालत तेव्हा धुराचा इतका त्रास होता की १९१२ साली त्याविरुद्ध कायदा झाला. १९१५ पासून खोपोलीची वीज आली आणि चिमण्या एकेक करून शांत झाल्या. आपल्या शेजारी शिवडीच्या हाजी बंदरावर अगदी अलीकडेपर्यंत कोळशाचे ढीग पडत. खिडकीच्या गजांवर काळी पूड साचायची, लोकांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांनी लिहिले, पोर्ट ट्रस्टने तिथले काम बंद केले. चांगलेच झाले. डहाणूतही लोक आणि कायदा एकत्र आले. १९९१ मध्ये तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या पाठपुराव्यामुळे २००७ मध्ये तिथल्या औष्णिक केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. म्हणजे तक्रार ऐकणारा कोणी बसलेला असेल आणि ती लिहिणारा कोणी असेल, तर कोळशालाही शिस्त लागते. पोडात या दोन्ही गोष्टींची वाण आहे.

म्हणून आपल्या देणगीतला मोठा भाग या वर्षी वह्या-गणवेशांऐवजी कागदपत्रांवर खर्च करावा, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. काही सभासदांना ते रुक्ष वाटेल. फोटोत हसरी मुले छान दिसतात, वनहक्काचा दावा छान दिसत नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्याचा हक्क मान्य झाला, त्याला २०१३ चा कायदा जमीनमालक मानतो. खाणीची मोजणी येण्याआधी ज्याच्या हातात हा कागद आहे, तो अतिक्रमणदार ठरत नाही. मोजणी आल्यावर कागद करायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

दाव्याला पुरावे दोन लागतात. सरकारी पावती, दंडाची नोंद, जुनी जनगणना यांपैकी काही असेल तर उत्तम, पण पोडात ते क्वचित असते. नियमांनी याची सोय ठेवली आहे. गावातल्या दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान अशा खुणाही चालतात. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीची स्थळपाहणी, जीपीएसवर काढलेला नकाशा, प्रत्येक अर्जाला जातीचा दाखला आणि तालुक्याला पाच-सहा खेपा लागतात. आमच्यातले दोघे पावसाळा संपताच तिकडे जाऊन महिनाभर राहणार आहेत. पोडातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आधी लिहून घ्यायचे ठरले आहे, कारण जमिनीची हकीकत पाठ असलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यानंतर दफनभूमी आणि विहिरी नकाशावर घ्यायच्या. त्या आजीची विहीर पहिली.